मुखदुर्बळ, पण माणूसघाणी नव्हेत : मँचेस्टरच्या २४२ मुलांचा प्रकरण अभ्यास

१९९५ साली मँचेस्टर विद्यापीठातील जीना काँटी-रॅम्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडभरातील ११८ भाषा-वर्गांमधून सात वर्षांच्या आसपासची २४२ मुले निवडली. भाषा-वर्ग म्हणजे नेहमीच्या शाळेलाच जोडलेला, मोजक्या मुलांचा वर्ग. तेथे विशेष प्रशिक्षण घेतलेले शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ एकत्र काम करत, आणि निवडलेली मुले आठवड्याचा किमान निम्मा वेळ तेथे घालवत. त्या वयाची जी मुले तेव्हा अशा वर्गांत शिकत होती, त्यांपैकी साधारण निम्मी या अभ्यासात आली. त्यांत १८६ मुलगे होते आणि ५६ मुली. मुलांच्या श्रवणात दोष आढळलेला नव्हता, बहुतेकांच्या घरची भाषा इंग्रजी होती, आणि भाषा अडेल असा कोणताही आजार त्यांच्या कागदपत्रांत नोंदलेला नव्हता. तरीही वाक्य जुळवणे, ऐकलेले नीट समजणे, शब्द वेळेवर आठवणे किंवा घडलेली गोष्ट क्रमाने सांगणे यांपैकी काही ना काही बाबतीत ती समवयस्कांच्या बरीच मागे होती.

या मुलांना पुढे आठव्या, अकराव्या, चौदाव्या, सोळाव्या, सतराव्या आणि चोविसाव्या वर्षी पुन्हा भेटण्यात आले, अर्थात प्रत्येक वेळी सगळी सापडली असे नाही. सुरुवातीचा प्रश्न भाषेचा होता : कोणाची कोणती बाजू कच्ची आहे आणि ती वर्षभराने किती सुधारते. मुले वाढू लागली तसे प्रश्नही वाढले. यांना मित्र आहेत का, कोणी त्यांना छळते का, मन उदास असते का, शाळा सुटल्यावर ती कोठे गेली, कामात रमली का, स्वतःविषयी त्यांना काय वाटते, हे विचारले जाऊ लागले. 'जिवाला स्वास्थ्य नाही' असे आपण म्हणतो तेव्हा 'स्वास्थ्य' या शब्दाचा जो अर्थ मनात असतो, त्याच अर्थाने तो शब्द या लेखात वापरला आहे. रुग्णालयाच्या पाटीवरच्या अर्थाने वापरलेला नाही.

हा संपूर्ण समूह एकच प्रकरण मानून मी त्याकडे पाहतो आहे. या प्रकरणातून मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी की मुलाच्या भाषेची पातळी आणि त्याच्या जिवाचे स्वास्थ्य हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत. एका वहीतील शिल्लक पाहून दुसऱ्या वहीतील शिल्लक सांगता येत नाही. पालक, शिक्षक आणि उपचार करणारेही बहुधा पहिलीच वही उघडतात.

विकाराचे नाव आणि त्याचे रूप

अभ्यास सुरू झाला तेव्हा या अवस्थेला 'विशिष्ट भाषा दोष' असे म्हटले जाई. भाषेव्यतिरिक्तची बुद्धिमत्ता सर्वसाधारण असली तरच हे नाव लावायचे, असा त्यामागे दंडक होता. तो पुढे अडचणीचा ठरला, कारण बुद्ध्यंकाच्या रेषेच्या किंचित खाली असलेल्या मुलाची भाषिक गरज तीच असूनही त्याला मदत नाकारली जाई. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने इंग्रजीभाषक देशांतील पन्नासहून अधिक तज्ज्ञांनी मतैक्याच्या पद्धतीने चर्चा करून २०१६ आणि २०१७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातून 'विकासात्मक भाषा विकार' हे नाव पुढे आले आणि बुद्ध्यंकाचा तो दंडक मागे पडला. हा विकार दुर्मीळ नाही. इंग्लंडच्या सरे परगण्यात शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांची पाहणी करून कोर्टनी नॉरबरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जे प्रमाण मांडले ते ७.५८ टक्के होते, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात सरासरी दोन मुले.

आपल्याकडे असे मूल लहान असते तेव्हा 'जीभ जड आहे' म्हणतात, वेखंड उगाळून चाटवतात आणि 'याचे वडीलही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते' असे सांगून एकमेकांना धीर देतात. यातील शेवटच्या वाक्यात तथ्य आहे, कारण हा विकार कुटुंबांतून उतरतो हे जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसले आहे. धीर मात्र त्यातून निघत नाही. उशिरा बोलू लागणारी पुष्कळ मुले पुढे भरून काढतात हे खरे, पण पाच वर्षांपर्यंत ज्यांचे मागेपण टिकते त्यांचे ते बहुधा पुढेही राहते. आणि सातव्या-आठव्या वर्षी मूल बोलत असते, त्यामुळे घरच्यांना ती गोष्ट मिटली असे वाटते. 'डबा उघडण्यापूर्वी वही टेबलावर ठेवा' असे बाईंनी सांगितले की असे मूल आधी डबा उघडते, कारण डबा हा शब्द त्याने आधी ऐकला आणि 'पूर्वी' या शब्दाने लावलेला क्रम त्याच्या हातून निसटला. प्रगतिपुस्तकात याची नोंद 'लक्ष देत नाही' अशी होते. विकार अदृश्य होतो तो असा, सुधारणेमुळे नव्हे.

सात ते अकरा

पहिल्या टप्प्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. काँटी-रॅम्सडेन आणि निकोला बॉटिंग यांनी सातव्या वर्षी या मुलांचे भाषेच्या कमकुवत बाजूंनुसार गट पाडले. वर्षभराने पाहिले तेव्हा गटांचे स्वरूप तेच राहिले होते, पण सुमारे ४५ टक्के मुले एका गटातून दुसऱ्या गटात गेली होती. म्हणजे सातव्या वर्षी लिहून दिलेला अहवाल आठव्या वर्षी जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. एकदाच तपासणी करून घेऊन ती फाइल दहावीपर्यंत जपून ठेवणाऱ्या पालकांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अकराव्या वर्षी वेगळीच गोष्ट पुढे आली. आपला छळ होतो असे या मुलांपैकी ३६ टक्क्यांच्या उत्तरांवरून दिसत होते, तर सर्वसाधारण भाषा असलेल्या त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण १२ टक्के होते. हा तिपटीचा फरक केवळ इतर मुलांच्या दुष्टपणातून आला असे मला वाटत नाही. मधल्या सुटीतील भांडणाचा निवाडा कसा होतो ते आठवून पाहावे. दोन मुले बाईंपुढे उभी राहतात आणि जो घटना आधी, नीट आणि क्रमाने सांगतो त्याची बाजू खरी ठरते. मराठीत तर 'त्याने मारले' आणि 'त्याला मारले' यांतील सारा फरक एका प्रत्ययावर उभा असतो. ज्याला प्रत्यय सापडत नाही, घटनेचा क्रम लावता येत नाही आणि उत्तर द्यायला चार क्षण जास्त लागतात, तो मार खाऊनही दोषी ठरतो. दोन-तीनदा असे झाले की तो तक्रार करणे सोडतो. छळणाऱ्यालाही ते लवकर कळते. हे माझे अनुमान आहे, अभ्यासातील निष्कर्ष नव्हे. परंतु तोंडी तक्रारीवर चालणारी शाळेची न्यायव्यवस्था या मुलांसाठी नाही, हे कोणत्याही शाळेत तासभर बसून पाहता येते.

एकमेकींना छेदणाऱ्या रेषा

सात ते सोळा या नऊ वर्षांत शिक्षकांनी वेळोवेळी भरून दिलेल्या प्रश्नावल्या एकत्र पाहिल्यावर जे चित्र २०११ मध्ये मांडले गेले, ते या प्रकरणातील सर्वांत बोलके चित्र आहे. वर्तनाच्या तक्रारी वयाबरोबर उतरत गेल्या, भावनिक अडचणीही उतरल्या, आणि समवयस्कांबरोबरच्या संबंधांतील अडचणी मात्र वाढत गेल्या. मूल लहान असताना जे डोळ्यांवर येते, म्हणजे आदळआपट, रडारड, हट्ट, ते वयानुसार ओसरते आणि मोठ्यांना हायसे वाटते. त्याच काळात जे एकटेपण वाढत जाते ते कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणाच्या नजरेत भरत नाही.

याचे कारण मैत्रीच्या बदलत्या स्वरूपात शोधावे लागते. सातव्या वर्षी मैत्री पळापळीवर, चेंडूवर आणि शेजारी बसण्यावर चालते, तेथे शब्द फारसे लागत नाहीत. तेराव्या-चौदाव्या वर्षी तीच मैत्री गप्पांवर, टोमण्यांवर, एकमेकांच्या नकलांवर, कोणाचे तरी गुपित तिसऱ्याला न सांगण्यावर उभी राहते. चेंडू बाजूला पडतो आणि मैदानाची जागा कट्टा घेतो. कट्ट्यावर विनोद कळायला अर्धा क्षण उशीर झाला तरी हसण्याची वेळ निघून जाते.

२०१४ मध्ये याच समूहातील १७१ जणांच्या सात ते सोळा वर्षांच्या नोंदी तपासून समवयस्कांशी असलेल्या संबंधांच्या चार वाटा वेगळ्या काढण्यात आल्या. २२.२ टक्के मुलांना या बाबतीत कधीच फारशी अडचण आली नाही. १२.३ टक्क्यांची अडचण बालपणापुरती राहिली आणि मिटली. ३९.२ टक्के मुलांची अडचण बालपणी सुरू झाली ती टिकून राहिली. उरलेल्या २६.३ टक्क्यांचे बालपण ठीक गेले आणि किशोरवयात अडचण उभी राहिली. माझे लक्ष या शेवटच्या गटाकडे वारंवार जाते. ही मुले प्राथमिक शाळेत चाळणीतून सहज सुटतात, त्यांची आई 'याला मित्र पुष्कळ आहेत हो' असे खरेच सांगू शकते, आणि आठवी-नववीत ज्या वेळी ती एकटी पडतात त्या वेळी भाषेवरचा उपचार कधीच संपलेला असतो.

कोणते मूल कोणत्या वाटेने जाईल, याच्याशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट होती ती मुलाची आपुलकीची वागणूक : दुसऱ्याला मदत करणे, आपल्यातले वाटून घेणे, कोणी रडत असेल तर जवळ जाणे. बोलण्यातील व्यवहारज्ञान, म्हणजे कोणाशी केव्हा काय बोलावे याची जाण, हीसुद्धा महत्त्वाची ठरली. व्याकरणाच्या आणि शब्दसंपत्तीच्या गुणांपेक्षा या गोष्टी मैत्रीच्या अधिक जवळच्या निघाल्या.

सोळावे वर्ष

इंग्लंडमध्ये त्या काळी सक्तीचे शिक्षण सोळाव्या वर्षी संपत असे आणि त्याच वर्षी सार्वत्रिक परीक्षा असे, त्यामुळे आपल्या दहावीचा सगळा ताण त्या वयाभोवती होता असे समजायला हरकत नाही. या टप्प्यावर समूहातील १३९ जण आणि तुलनेसाठी घेतलेले १२४ समवयस्क यांची चिंता आणि उदासी मोजण्यात आली. चिंतेची लक्षणे ठरावीक रेषेच्या वर असणाऱ्यांचे प्रमाण भाषा विकाराच्या गटात १२ टक्के आणि समवयस्कांत २ टक्के होते. उदासीच्या लक्षणांचे प्रमाण अनुक्रमे ३९ आणि १४ टक्के होते. ही प्रश्नावलीवरची लक्षणे आहेत, मानसोपचारतज्ज्ञाने केलेले निदान नव्हे, हे ध्यानात ठेवूनही आकडे गंभीर आहेत.

ज्यांची भाषा अधिक कच्ची, त्यांची उदासी अधिक, अशी अपेक्षा कोणीही केली असती. काँटी-रॅम्सडेन आणि बॉटिंग यांना असा थेट संबंध सर्वसाधारणपणे सापडला नाही. समूह म्हणून धोका वाढलेला होता, पण समूहाच्या आत भाषेच्या गुणांवरून कोण उदास असेल हे सांगता येत नव्हते. बुद्ध्यंकावरूनही सांगता येत नव्हते. घरात चिंता किंवा नैराश्याचा इतिहास असणे यांसारख्या गोष्टींचा संबंध अधिक दिसला. या निष्कर्षाचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही कामाचे आहेत. एक असा की ज्या मुलाची भाषा उपचाराने चांगली सुधारली आहे त्याचे मनही ठीक असेल असे गृहीत धरता येत नाही. दुसरा असा की ज्याची भाषा फारशी सुधारली नाही त्याच्या वाट्याला दुःख लिहिलेलेच आहे, असेही नाही. मला दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटतो, कारण पालकांची रात्रीची झोप त्यानेच उडालेली असते.

मैत्रीच्या बाबतीत मात्र भाषेचा वाटा नाकारता येत नाही, आणि येथे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे होते. केव्हिन डर्किन आणि काँटी-रॅम्सडेन यांनी २००७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार सोळाव्या वर्षी भाषा विकाराच्या गटातील सुमारे ४० टक्के मुलांच्या मैत्रीचा दर्जा कमी होता. वर्तनाच्या अडचणी आणि आपुलकीची वागणूक यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही भाषेचा संबंध उरत होता. म्हणजे भाषा मैत्रीला हात लावते, आणि मैत्री व छळ मनाला हात लावतात. भाषेपासून मनापर्यंत सरळ रस्ता नाही, मधे माणसे आहेत. त्याच आकड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : उरलेल्या ६० टक्क्यांची मैत्री चांगली होती. हा विकार असलेल्या मुलाला मित्र मिळत नाहीत, हे सरसकट विधान या प्रकरणाने खोटे ठरवले आहे.

याच सुमारास ५४ जणांच्या एका छोट्या गटाचा स्वाभिमान, लाजाळूपणा आणि माणसांची ओढ या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजण्यात आल्या. स्वाभिमान कमी होता आणि लाजाळूपणा जास्त होता, पण माणसांत असण्याची ओढ समवयस्कांइतकीच होती. भाषेचा स्वाभिमानाशी संबंधही लाजाळूपणाच्या मार्फत येत होता. या निष्कर्षासाठी मराठीत दोन तयार शब्द आहेत. बोलायची वेळ आली की ज्याचे तोंड उघडत नाही तो मुखदुर्बळ, आणि ज्याला माणसेच नकोत तो माणूसघाणा. ही मुले मुखदुर्बळ होती, माणूसघाणी नव्हती. आपल्याकडे अशा मुलाला वर्गात 'घुम्या' म्हणतात आणि घरी पाहुणे आले की 'त्याला नाही आवडत कोणात मिसळायला' असे सांगून आतल्या खोलीत जाऊ देतात. ते सांगणे प्रेमापोटीच असते, पण त्यात मुलाच्या अडचणीला त्याची आवड ठरवले जाते आणि दार थोडे अधिक बंद होते.

शाळा सुटल्यानंतर

सतराव्या वर्षी ९० जणांची पुन्हा पाहणी झाली. वर्षभरात उदासीची लक्षणे लक्षणीय प्रमाणात उतरली होती, तर चिंतेची तेवढीच राहिली होती. मधल्या काळात काय बदलले, तर सक्तीची शाळा संपली. काही जण कौशल्याचे अभ्यासक्रम शिकू लागले, काही कामाला लागले. ज्या जागी दिवसाचे सहा तास केवळ ऐकणे, वाचणे आणि लिहिणे यांवरच माणसाची किंमत ठरते, तेथून ती बाहेर पडली. एका वर्षाच्या फरकावरून शाळेला दोषी ठरवणे घाईचे होईल, कारण वाढत्या वयाचा परिणामही त्यात असू शकतो. तरीसुद्धा ज्या घरात 'निदान पदवी तरी' या हट्टापायी मुलाला त्याच त्या बाकावर आणखी पाच वर्षे बसवण्याचे ठरत असेल, त्या घराने हा आकडा पाहिला पाहिजे. आयटीआय किंवा एखाद्या हस्तव्यवसायाचा मार्ग हा त्या मुलासाठी उतरण नसून सुटका असू शकते.

चोविसाव्या वर्षी अभ्यासात ८४ जण उरले होते आणि तुलनेला ८८ समवयस्क होते. शैक्षणिक आणि व्यावसायिक पात्रता कमी होती, शिक्षण लवकर सुटले होते, पूर्णवेळ नोकरीत असणाऱ्यांचे प्रमाण कमी होते, आणि काम बहुधा खालच्या हुद्द्याचे किंवा अर्धवेळ होते. वाहन चालवण्याचा परवाना मिळवलेल्यांचे प्रमाणही समवयस्कांपेक्षा कमी होते. ब्रिटनमध्ये परवान्यासाठी आधी लेखी स्वरूपाची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते, आणि गाडी हातात येण्याआधी वाक्ये आडवी येतात. परवाना नसला की कामाच्या जागा कमी होतात, मित्रांकडे जाणे कमी होते, लहान गोष्टीसाठी घरच्यांवर अवलंबून राहावे लागते. भाषेचा विकार आयुष्यात कोठून कोठे पोहोचतो ते दाखवायला मला कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा हा परवाना पुरेसा वाटतो.

स्वाभिमान आणि चारचौघांत वावरण्याचा आत्मविश्वास चोविसाव्या वर्षीही समवयस्कांपेक्षा कमी होता, लाजाळूपणा अधिक होता. आपुलकीची वागणूक मात्र किशोरवयापासून तरुणपणापर्यंत टिकून होती आणि समूहातील बहुतेकांत ती सर्वसाधारण पातळीवर होती. ज्यांच्यात ती अधिक होती त्यांचा समाजातला वावरही अधिक होता. सातव्या वर्षी ज्या गुणाने मैत्रीची वाट ठरत होती, तोच गुण सतरा वर्षांनंतरही उपयोगी पडत होता, आणि तो वाचा-उपचाराच्या नेहमीच्या चाचण्यांत सहसा मोजला जात नाही.

प्रकरणाच्या मर्यादा

ही मुले भाषा-वर्गांतून घेतली होती, म्हणजे त्यांचा विकार ओळखला गेला होता, तो बहुधा बराच तीव्र होता, आणि त्यांना मदत मिळत होती. ज्यांना कोणी ओळखलेच नाही त्यांचे काय झाले, हे या प्रकरणावरून कळत नाही. त्यासाठी कॅनडातील ओटावा येथील अभ्यास उपयोगी पडतो. तेथे १९८२ मध्ये शाळांतील पाच वर्षांच्या मुलांची चाळणी करून भाषा किंवा उच्चारात मागे असलेली मुले शोधण्यात आली आणि त्यांचा पुढे तरुणपणापर्यंत माग ठेवला गेला. पंचविसाव्या वर्षी भाषेत मागे असलेल्यांचे शिक्षण आणि व्यवसाय खालच्या पातळीवर होते, पण आपल्या आयुष्याबद्दलचे त्यांचे समाधान इतरांपेक्षा वेगळे नव्हते. मँचेस्टर आणि ओटावा यांच्यातील अंतर निवडीच्या पद्धतीमुळे पडले असावे असे मला वाटते, आणि म्हणूनच मँचेस्टरचे आकडे कोणत्याही मुलाच्या भविष्याची कुंडली म्हणून वाचू नयेत.

आणखी तीन गोष्टी नोंदवायच्या. २४२ पैकी चोविसाव्या वर्षापर्यंत ८४ उरले, आणि जे गळले ते उरलेल्यांसारखेच होते असे खात्रीने धरता येत नाही. शिवाय समूहात मुली थोड्या होत्या. आणि ज्यांना वाक्ये समजायला अवघड जातात त्यांनाच वाक्यांनी भरलेली प्रश्नावली देऊन त्यांचे मन मोजायचे, ही या क्षेत्रातील जुनी पंचाईत आहे. प्रश्न वाचून दाखवले, चित्रे जोडली, तरी 'गेल्या काही दिवसांत मला बहुतेक वेळा खिन्न वाटले' यांसारखे वाक्य त्या मुलापर्यंत कितपत पोहोचले असेल, ही शंका उरतेच.

मराठी घरांसाठी यातले काय घ्यावे

समूहातील बहुतेक मुले एकभाषक इंग्रजी होती, तर आपल्याकडील मूल घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि खाली अंगणात हिंदी ऐकत वाढते. दोन भाषांमुळे हा विकार होत नाही. तो असला तर मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो, आणि फक्त इंग्रजीत दिसत असेल तर बहुधा ते मूल इंग्रजी कमी ऐकत असते एवढेच. तरीही 'घरी मराठी बंद करा' असा सल्ला शाळांतून सर्रास दिला जातो. स्वास्थ्याच्या दृष्टीने हा सल्ला विशेष घातक आहे. आजीशी, मामाशी, चुलतभावंडांशी ज्या भाषेत मूल मोडके का होईना बोलू शकते तीच काढून घेतली, तर मँचेस्टरच्या मुलांना ज्या नात्यांनी तारले असावे तीच नाती आपण आपल्या हाताने कापतो.

कायद्यात या मुलांची जागा विचित्र आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत आणि त्यांत 'वाचा व भाषा' हा एक आहे. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणे किंवा वाचाघात यांसारख्या, शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायम अक्षमतेची आहे. ज्या मुलाच्या मेंदूत दाखवता येईल अशी इजा नाही त्याला त्या दारातून आत जाता येत नाही. याउलट 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या प्रकाराच्या व्याख्येत बोली किंवा लेखी भाषेवरील प्रक्रियेतील उणीव येते आणि तिच्या उदाहरणांत विकासात्मक अफेझियाचाही उल्लेख आहे. हा या विकाराच्या जुन्या नावांपैकी एक होय. म्हणजे दार आहे, पण पाटी दुसऱ्याच नावाची आहे. व्यवहारात त्या दाराशी तपासले जाते ते वाचन, लेखन आणि गणित. त्यामुळे ज्याला वाचता येते पण वाचलेले उमगत नाही, किंवा ज्याचे हाल लेखी कागदापेक्षा मधल्या सुटीत जास्त होतात, त्याची अडचण कागदावर पुरती उतरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शून्य ते अठरा वयोगटाची तपासणी होते आणि तिच्या यादीत भाषाविकासातील विलंबही आहे. मात्र विलंब हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे दोन वर्षांचे मूल येते, आठवीतला मुलगा येत नाही.

शाळेला खर्चाशिवाय करता येण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती नववीच्या वर्गशिक्षकाच्या हातात आहे. समवयस्कांशी असलेले संबंध मोजण्यासाठी जगभर जी छोटी प्रश्नावली वापरली जाते, तिच्या पंचवीस विधानांत मुलाला निदान एक चांगला मित्र आहे का, आणि इतर मुले त्याला त्रास देतात का, ही दोन विधाने आहेत. ज्या मुलाविषयी पूर्वी कधी 'उशिरा बोलला', 'कमी बोलतो' किंवा 'लक्ष देत नाही' अशी नोंद झाली असेल, त्याच्याबाबत ही दोन उत्तरे दर सत्रात, गुणपत्रिका भरतानाच, लिहून ठेवावीत. मुलाला सर्वांसमोर उभे करून विचारू नये. डबा खाताना तो कोणाशेजारी बसतो ते आठवडाभर पाहावे.